रहस्यकथेचा रियाज : रोज एक खटकलेली गोष्ट

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रहस्यकथा लिहायची असेल तर रोज निदान एक खटकलेली गोष्ट वहीत टिपा, चार ओळी पुरे, प्लॉटचा विचार नंतर करा. त्यावर बरीच पत्रं आली, मेल आले. त्यातले काही प्रश्न निवडलेत. पहिल्याच प्रश्नाला मी खूप जागा दिलीय कारण बाकीच्या सगळ्यांचं मूळ तिथंच आहे असं मला वाटतं.

ताई, मी रोज सकाळी डोंबिवलीहून फोर्टला जातो, संध्याकाळी परत. ऑफिस, लोकल, घर. खटकण्यासारखं काही घडतच नाही हो. मग रोज वहीत लिहू तरी काय? (डोंबिवली)

दादा, खटकणं म्हणजे काही मोठं नसतं, दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, बस एवढंच. माझ्या वहीतलं एक पान सांगते, म्हणजे कळेल.

मार्चमधला मंगळवार, सकाळचे सव्वाआठ. आमच्या जिन्यातून समोरच्या विंगचा पॅसेजही दिसतो आणि गॅलऱ्याही दिसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी साडेसहाला दार उघडून दूध आत घेतात, कधी चुकत नाहीत. त्या दिवशी दाराला अडकवलेल्या कापडी पिशवीत दूध तसंच होतं. मला वाटलं गावाला गेल्या असतील. मान वर केली तर त्यांच्या गॅलरीत नऊवारी वाळत घातलेली, आणि काठातून टपटप पाणी गळत होतं. म्हणजे साडी आत्ताच कुणीतरी पिळून टाकलीय आणि दूध मात्र बाहेर. घरात माणूस आहे की नाही?

खरं कारण नऊ वाजता कळलं. आजींना रात्री चक्कर आली म्हणून मुलगा आपल्याकडे घेऊन गेला होता, शेजारणीकडे किल्ली असते, ती तुळशीला पाणी घालायला आत गेली, बादलीत भिजलेली साडी दिसली ती पिळून टाकली, आणि दूध मुलगा येऊन नेणार असं त्यांचं फोनवर ठरलेलं होतं. संपलं. पण सव्वाआठ ते नऊ, हा जो पाऊण तास होता ना, त्यात माझ्या डोक्यात जे जे येऊन गेलं ते सगळं मी लिहून काढलं. समजा फोन झालाच नव्हता. समजा साडी धुणाऱ्याला काहीतरी डाग घालवायचा होता. मग त्याला साडी कुठे वाळत घालतात, चिमटे कुठल्या डब्यात असतात हे ठाऊक आहे, पण साडेसहाला दूध आत घ्यायचं असतं हे ठाऊक नाही. असा माणूस कोण असेल? जो या घरात पूर्वी राहिलाय, पण दुधाच्या पिशव्या दाराला यायला लागल्या त्याच्या आधी, म्हणजे भैया पातेल्यात दूध ओतून जायचा त्या काळात. झालं, मला माझा माणूस सापडला, बारा-पंधरा वर्षांनी घरी परत आलेला कुणीतरी, ज्याला घराच्या जुन्या सवयी पाठ आहेत आणि नव्या माहीत नाहीत.

आता तुमची लोकल. तुमच्या डब्यात रोजचा ग्रुप असेलच. रोज घाटकोपरला उतरणारा माणूस एक दिवस झोपेचं सोंग घेऊन भायखळ्यापर्यंत गेला. रोज डबा आणणाऱ्याच्या हातात आज डबा नाही, पण डब्याची पिशवी आहे आणि ती जड आहे. चार दिवस एकजण आला नाही आणि त्याच्याबद्दल ग्रुपमध्ये एकानेही विचारलं नाही, हे तर फारच छान आहे, न विचारणं हा सुद्धा क्लूच असतो. एडिनबराच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. जोसेफ बेल नावाचे सर्जन पेशंटकडे नुसतं बघून त्याचा धंदा, तो कुठून आला वगैरे सांगायचे, आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या आर्थर कॉनन डॉयल नावाच्या विद्यार्थ्याने पुढे १८८७ मध्ये शेरलॉक होम्स लोकांसमोर आणला. बेल यांच्याकडे जे पेशंट यायचे ते साधेच लोक होते, आपल्या डब्यात असतात तसे. आठवडाभर फक्त समोरच्या माणसाचे हात बघा. मला लिहून कळवा काय दिसलं.

मी मोबाईलवर एका अ‍ॅपमधून रोज स्टोरी प्रॉम्प्ट घेते, कधी एआयला विचारते. पण सारखं तेच येतं, जुना वाडा, पावसाळी रात्र, सापडलेली डायरी, अनोळखी पत्र. लिहायला बसलं की कंटाळा येतो. काय करू? (नांदेड, कॉलेज विद्यार्थिनी)

अगं, कंटाळा येतोय हे बरं लक्षण आहे, म्हणजे तुझा कान शाबूत आहे. वाडा आणि डायरी यात वाईट काही नाही, पण तो वाडा कुणाचाच नसतो, त्याच्या ओसरीवर कोण बसायचं, त्याची घरपट्टी कोण भरतं, भाऊबंदकीत त्याचे किती हिस्से झाले हे त्या प्रॉम्प्टला माहीत नसतं. तुला माहीत आहे.

तू स्वतःचे तीन डबे कर, श्रीखंडाचे रिकामे डबे असतात ना घरात, ते. एका डब्यात जागांच्या चिठ्ठ्या टाक, तू स्वतः जिथे उभी राहिलीयेस अशाच जागा. पिठाची गिरणी, दस्त नोंदणीच्या ऑफिसबाहेरचं बाकडं, बाजार उठल्यावरचं मैदान, पावसाळ्यात बंद असलेली रसवंती, सोनोग्राफीची वेटिंग रूम. दुसऱ्यात वस्तू. सोनाराची गहाण पावती, नाव घातलेला स्टीलचा डबा, एकाच कानातलं. तिसरा डबा महत्त्वाचा, त्यात खोटं टाकायचं. खून वगैरे नाही, लोक रोज बोलतात ते बारीक खोटं. ‘मी जेवूनच आलोय.’ ‘फोन सायलेंटवर होता.’ ‘घरी कुणी नाही, मी एकटीच असते.’ रोज सकाळी तिन्हीतून एकेक चिठ्ठी काढ आणि वीस मिनिटं लिही.

मी हे परवा केलं तर गिरणी, डबा आणि ‘मी एकटीच असते’ असं आलं. आता बघ हं. गिरणीवाल्याला गल्लीतल्या प्रत्येक घराचं पोट माहीत असतं. कुणाची ज्वारी किती, कुणाकडे बाजरी फक्त थंडीत, कुणाच्या घरी डायबेटीस आल्यापासून गव्हात काय काय मिसळतात. एक बाई नवरा गेल्यापासून पंधरा दिवसांनी दोन किलो ज्वारी दळायला आणते. या महिन्यात ती आठवड्याला पाच किलो आणायला लागली. गिरणीवाला सहज विचारतो, पाहुणे आलेत का वहिनी, ती म्हणते नाही हो, मी एकटीच असते. पीठ खोटं बोलत नाही! त्या घरात कुणीतरी आहे, बाहेर न पडणारं, आणि भाकरी खाणारं. कोण ते मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, आजही मी दोन शक्यतांमध्ये अडकलेली आहे, पण गोष्ट चालू झाली आणि डिटेक्टिव्ह म्हणून मला गिरणीवाला मिळाला, ज्याच्या भुवयांवर सुद्धा पीठ आहे.

जागेवरून सुरुवात करणं ही मोठ्या लेखकांचीही रीत आहे. इंग्लंडच्या पी. डी. जेम्स यांना बहुतेक वेळा आधी जागाच सुचायची. सफकच्या समुद्रकिनाऱ्यावर उभं असताना एका बाजूला जुन्या मासेमारीच्या बोटी, जाळी आणि दुसरीकडे साइझवेलचं अणुवीज केंद्र हे एकाच नजरेत दिसलं आणि त्यातून त्यांची एक अख्खी कादंबरी निघाली. जुळत नाहीत अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी, परत तेच. आपल्याकडे तारापूरला जाऊन उभं राहिलं तरी हेच चित्र दिसतं.

एआयला विचारायचंच असेल तर प्रॉम्प्ट मागू नकोस, तू लिहिलेला प्लॉट त्याला सांग आणि गुन्हेगार कोण ते ओळखायला लाव. त्याने पटकन ओळखला तर वाचकही ओळखणार.

खून नसलेली रहस्यकथा होऊ शकते का? मला रक्तपात लिहायला आवडत नाही. वय ६८, नोकरीतून निवृत्त. (सातारा)

होते की काका, आणि तुमच्याकडे तर विषय चालून आलेला आहे. दर नोव्हेंबरला तुम्ही हयातीचा दाखला देत असाल ना?

मी बँकेत काउंटरवर २८ वर्षं काढली. नोव्हेंबर आला की सकाळी दहाच्या आधीपासून पेन्शनरांची रांग, हातात पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, कुणाबरोबर नातू, कुणाबरोबर सून. मला त्या कागदाचं कायम नवल वाटायचं. समोर उभा असलेला, श्वास घेणारा माणूस, आणि आपण जिवंत आहोत हे त्याने सही करून सांगायचं. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं, मशीनवर बोट ठेवा की झालं. पण बोट उमटेल तर ना! आयुष्यभर भांडी घासलेल्या बायका, गवंडीकाम केलेली माणसं, यांच्या बोटांच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. एक आजी आठवतात, अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसला, परत ठेवला, लाल. पदराने पुसला, केसांवरून फिरवला थोडं तेल लागावं म्हणून, तरी लाल. दहाही बोटं झाली. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, बाई, मी हाय न्हवं?

मी त्या रात्री वहीत एवढंच लिहिलं, ‘ज्या बाईचं बोट कधीच उमटत नाही तिचं या वर्षी पहिल्या फटक्यात उमटलं.’ काका, यात रक्ताचा थेंब नाही, पण पुढे काय झालं ते वाचायला तुम्ही थांबाल की नाही सांगा.

आणि बोटांच्या ठशांचा इतिहास तर आपल्याच देशातला आहे. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झालं, बंगालचे पोलीस प्रमुख एडवर्ड हेन्री साहेबांचं नाव पुढे आलं पण वर्गीकरणाची खरी मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांची होती. त्याच सुमारास जलपाईगुडीकडे चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, तिथे एका पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटलेला सापडला, तो जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी नाही, कारण ठसा एवढंच सांगतो की माणूस तिथे होता आणि त्याचा हात रक्ताला लागला. तो तिथे आला तेव्हा मॅनेजर जिवंत होता का, हे ठसा सांगत नाही. या एका फटीत अख्खी कादंबरी मावते असं मला मनापासून वाटतं.

माझ्या कथेत इन्स्पेक्टर ‘कलम ३०२ लावतो’ असं लिहिलं तर एका परीक्षकांनी चूक म्हणून खूण केली. पोलिसांचं खरं काम कसं चालतं हे रोज थोडं थोडं शिकायचं तर कुठून? (पुणे)

परीक्षक बरोबर होते, पण तुमची कथा कधी घडते त्यावर आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे. त्याआधी घडलेला खून असेल तर ३०२च, खटला आज चालू असला तरी. म्हणजे कथेतल्या खुनाची तारीख ३० जूनची रात्र असेल तर वार बाराच्या आधी झाला की नंतर यावर कलम बदलेल. बघा, चूक दुरुस्त करता करता प्लॉट मिळाला!

दुसरी एक गोष्ट बहुतेकजण चुकतात. बॉडी सापडली की लगेच खुनाचा गुन्हा असं होत नाही, कारण कळलं नसेल तर आपल्याकडे आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४), पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट येतो आणि मग पुढचं. ‘अकस्मात’ ते ‘खून’ यामधले जे दिवस असतात ते रहस्यकथेसाठी सोनं आहे, कारण तेव्हा घरातले सगळे सुतकात बसलेले असतात, भेटायला माणसं येत असतात, आणि त्यांच्यातच तो असतो. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसांनी जागेवर जायचं हेही नव्या कायद्यात आलंय, तेव्हा तुमच्या इन्स्पेक्टरने रुमालात सुरा गुंडाळून खिशात घालू नये.

रोज शिकायचं तर कोर्टाचे निकाल वाचा. मुंबई हायकोर्टाचे निकाल साइटवर फुकट मिळतात, जिल्हा कोर्टांचेही ई-कोर्ट्सवर असतात. भाषा सुरुवातीला जड वाटेल, पण त्यात पंचनाम्यातली वर्णनं असतात, उलटतपासणी असते, कुठला साक्षीदार कशाला का फुटला ते असतं. एका निकालात मी वाचलं होतं की साक्षीदार म्हणाला मी आरोपीला चांदण्यात ओळखलं, आणि वकिलाने फक्त तिथी विचारली. मी आठवडाभर त्याच विचारात होते. फक्त एक करा, निकालातली माणसं जशीच्या तशी उचलू नका. कुणाची तरी मुलगी गेलेली असते. तिथून पद्धत घ्या, अडचण घ्या, दुःख मात्र तुमच्या पात्रांचं तुम्ही तयार करा.

आणि बॉडी ताठरण्याचं गणित परदेशी पुस्तकातून उचलू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, एसी चालू असलेल्या खोलीत उशिरा. मे महिन्यात विदर्भातली कथा आणि लंडनचे तास, असं झालं की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

सीसीटीव्ही, मोबाईल लोकेशन, यूपीआय यांनी रहस्यकथा संपवली असं नाही का वाटत? (कोल्हापूर)

मला अजिबात नाही वाटत. सोसायटीचा सीसीटीव्ही बघा कधी, त्याच्यावरचं घड्याळ बरोबर आहे का. बऱ्याच ठिकाणी पाच-सात मिनिटं पुढे-मागे असतं आणि कुणी लावलेलं नसतं. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. यूपीआय एवढंच सांगतो की या फोनवरून पैसे गेले, पिन घरात तिघांना माहीत असतो. मोबाईल टेबलावर ठेवून माणूस निघून गेला तर लोकेशन टेबलाचं. जपानच्या सेइचो मात्सुमोतो यांनी १९५८ च्या आपल्या गाजलेल्या कादंबरीत टोकियो स्टेशनवर एका फलाटावरून दुसरा फलाट मध्ये गाडी न येता फक्त चार मिनिटं दिसतो या एका गोष्टीवर सगळं उभं केलं, तेही रेल्वेच्या छापील टाइमटेबलवरून. आज आपल्याकडे अशी चार मिनिटं शोधायला उलट जास्त जागा आहेत. तुमच्या सोसायटीच्या घड्याळापासून सुरुवात करा.

आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आम्ही भाड्याने आणून एका दिवसात वाचायचो. धनंजय, झुंजार, काळापहाड! एवढं त्यांना रोज कसं सुचत असेल? आता तसं कुणी का लिहीत नाही? (रत्नागिरी, वय ७६)

आजोबा, तुमचं पत्र वाचून मला आमच्या आळीतली लायब्ररी आठवली, पुस्तकाला खाकी कव्हर, आणि शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, हा आकडा नुसता म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मला वाटतं त्यातलं एक गुपित तुम्हीच लिहिलंय, तीन नावं. नायक ठरलेला, त्याचा साथीदार ठरलेला, तो कसा बोलेल कसा वागेल हे लेखकाला आणि वाचकाला आधीच पाठ. मग रोज नवं फक्त संकट शोधायचं. नव्या लेखकांना मी हेच सांगते, प्रत्येक कथेला नवा डिटेक्टिव्ह बनवू नका, एकच माणूस धरा आणि त्याला वर्षभर सोडू नका.

तसं लिहिणारे आजही आहेत, पण भाड्याची लायब्ररी गेली आणि त्याबरोबर रोजची भूक गेली. दिवाळी अंक मात्र अजून जीव लावून हे करतात. ‘नवल’ आहे, ‘धनंजय’ आहे, खास रहस्य-गूढ कथांसाठीच. दिवाळीचा अंक म्हटलं तरी कथा पावसाळ्यातच हातात द्यायला लागते, म्हणून आत्ताच जे लिहितायत त्यांनी गणपतीची वाट बघू नये. आजोबा, तुम्ही स्वतः का लिहीत नाही? रत्नागिरीत पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी शाकारून ठेवलेल्या असतात. त्यातली एक ताडपत्री आतून बांधलेली असली तर?

न्यू जर्सीत राहते. मराठीत लिहायचं तर कथा पुण्यातच घडवावी लागते का? पुणं आता मलाच नीट आठवत नाही.

नको गं. तू जिथे आहेस तिथलं लिही, मराठीत. बेसमेंटमध्ये मंडळाचा गणपती बसतो, चाळीस माणसं येतात, कोट एकाच बेडरूममध्ये पलंगावर ढिगाने टाकलेले असतात आणि निघताना सगळे काळेच कोट, सगळ्यांचे सारखेच. कुणाच्या खिशात काय राहिलं? आणि बर्फ! रात्री पडलेला बर्फ, सकाळी दारापासून गाडीपर्यंत पावलं गेलेली, परतीची नाहीत आणि गाडी जागेवरच. आम्हाला इथे असा कोरा कागद कुणी अंथरून देत नाही.

दोन लहान मुलं आहेत, दिवसाला पंधरा मिनिटं मिळतात, तीही सलग नाही. त्यात रहस्यकथा म्हणजे सगळे धागे लक्षात ठेवायचे. शिवाय मला सुरुवात सुचते, शेवट कधीच नाही. (नाशिक)

शेवटाचं आधी बोलू. तुम्ही वाचक जसा वाचतो तशा क्रमाने लिहिताय, म्हणून अडकताय. एक पान वेगळं काढा, त्यावर वर लिहा ‘खरं काय घडलं’. त्यात सस्पेन्स नको, सुंदर भाषा नको, शेजारणीला फोनवर सांगतो तसं सरळ. अमक्याने तमक्याचे दागिने गहाण टाकले, ते कळू नये म्हणून चोरीचा बनाव केला, किल्ली पिंपात टाकली, पण त्या दिवशी पाणी आलं नव्हतं म्हणून पिंप रिकामं होतं आणि किल्लीचा आवाज झाला. हे पान झालं की तुमचा शेवट तयार आहे, आता रोजच्या पंधरा मिनिटांत फक्त एवढंच ठरवायचं की हे कुणी ऐकलं, कुणी बघितलं, आणि त्याला ते चुकीचं का वाटलं. किल्लीचा आवाज एका लहान मुलीने ऐकला आणि तिला वाटलं घंटा वाजली. असा एकेक साक्षीदार, एकेक दिवस.

धागे लक्षात ठेवायचे नसतात, लिहून ठेवायचे असतात, आणि तेही नीटनेटके असायची गरज नाही. अगाथा ख्रिस्ती यांच्या ७३ वह्या मागे राहिल्या, त्यात खुनाच्या कल्पनांच्या शेजारीच घरातल्या याद्या, ब्रिजचे स्कोअर, एका पुस्तकाची टिपणं चार वह्यांत विखुरलेली. पहिल्या महायुद्धात त्या टॉर्कीच्या हॉस्पिटलमध्ये औषधं देण्याच्या खिडकीवर काम करायच्या, कधी एकदम गर्दी, कधी तासन्‌तास शांतता, आणि चारी बाजूंना विषाच्या बाटल्या. तिथेच रहस्यकथा लिहायचं डोक्यात आलं, १९२० मध्ये पहिली कादंबरी आली आणि त्यात विषच होतं. त्यांनी हाताशी होतं ते घेतलं. तुमच्या हाताशी दोन मुलं आहेत, मुलं काय काय ऐकतात आणि भलत्याच वेळी भलत्यांसमोर काय काय सांगतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वही स्वयंपाकघरातच ठेवा, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चार ओळी होतात, मी वर्षानुवर्षं तशाच लिहिल्यात. पानावर हळद लागली तरी लागू दे.

ताई, सगळ्यांना सांगता. आज तुमच्या स्वतःच्या वहीत काय आहे? (अहिल्यानगर)

कालचंच पान उतरवून देते.

‘शेजारी सत्यनारायण. संध्याकाळी साडेसातला शेवटचे पाहुणे गेले. मी प्रसादाची वाटी परत द्यायला गेले तर दाराबाहेर बायकांच्या चपलांचा एक जोड उरलेला. घरातल्या कुणाचा नाही, विचारलं. वहिनींनी आलेल्या सगळ्यांना फोन केले, प्रत्येकजण आपापल्याच चपला घालून गेलेला. अनवाणी कुणी गेलं नाही, आणि जादा माणूस कुणी आल्याचं कुणाला आठवत नाही. चप्पल सहा नंबर, डाव्या पायाचा अंगठा काळ्या दोऱ्याने घरीच शिवलेला, टाके अगदी बारीक. प्रसादाचे द्रोण मोजून पंचवीस आणले होते, पंचवीस संपले, माणसं चोवीस.’

चप्पल अजून तिथेच आहे, सकाळी बघून आले.